बँकॉक ते सिंगापूर, दोघांनी आणि पाठीवर सॅक घेऊन: बेटे किती घ्यावीत, शहरे किती?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. तुम्ही दोघे पुण्याचे, तिशीतले, आणि नोकऱ्या बदलताना जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून साधारण साडेसात आठवडे मोकळे मिळत आहेत. बँकॉकला उतरून शक्यतो जमिनीवरून आणि पाण्यावरून सिंगापूरपर्यंत जायचे आहे. यादीत ताओ, फांगान, सामुई, फुकेत, फी फी, लांता, लिपे, लंकावी, पेनांग, पेर्हेंतियन आणि तिओमान अशी अकरा बेटे आहेत आणि बँकॉक, चियांग माई, इपो, क्वालालंपूर, मलाक्का व सिंगापूर अशी सहा शहरे आहेत. खर्च आटोक्यात राहावा अशी अपेक्षा आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता विचारावे तसे, तुम्ही विचारले आहे की चोवीस तास एकत्र राहून भांडणे होतात का. मी या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण यादीचे काय करायचे ते त्यावरूनच ठरते.

भांडणे होतात, आणि ती बहुतेक वेळा बेटांवर होतात. बेटावर गेले की माणसे निवांत होतात हा समज अर्धाच खरा आहे. तिथे एक खोली, एक स्कूटर, एक किनारा आणि संध्याकाळी जेवायला तीच चार ठिकाणे असतात. एकाचे पोट बिघडले, सलग दोन दिवस पाऊस लागला किंवा नुसताच कंटाळा आला, तरी एकमेकांपासून चार तास बाजूला होण्याची सोय तिथे फारशी नसते. मोठ्या शहरात ती असते. एकाने वस्तुसंग्रहालय पाहावे, दुसऱ्याने वातानुकूलित कॉफीच्या दुकानात घरच्यांशी फोनवर बोलत बसावे आणि रात्री आठला ठरलेल्या मेट्रो स्थानकावर भेटावे, एवढ्यानेही मन ताजे होते. शिवाय कपडे धुणे, पैसे बदलणे, चष्म्याची काडी बसवून घेणे, डॉक्टरला दाखवणे, पुढची तिकिटे काढणे ही सगळी कामे शहरात निम्म्या वेळात आणि निम्म्या पैशांत होतात. त्यामुळे शहरांकडे दोन बेटांमधला नाइलाज म्हणून पाहू नका. प्रवासाची दुरुस्ती तिथेच होते, असे धरून आराखडा करा.

या हिशेबाने सतरा ठिकाणांची आठ ठिकाणे होतात. बँकॉकला सहा रात्री, को ताओला (थाईत ‘को’ म्हणजे बेट) सात, को लांताला नऊ, को लिपेला पाच, लंकावीला चार, पेनांगवरच्या जॉर्जटाउनमध्ये सात, क्वालालंपूरला पाच आणि सिंगापूरला तीन, अशा शेहेचाळीस रात्री भरतात. उरलेल्या सहा रात्रींपैकी तीन रेल्वेत आणि मधल्या टप्प्यांवर जातील आणि तीन कोणत्याही कामाला न लावता शिल्लक ठेवायच्या आहेत. पेनांग भूगोलाने बेट असले तरी मी ते शहरांत धरले आहे, कारण तिथे समुद्रात पोहण्यासाठी फारसे कोणी जात नाही आणि जाऊही नये. या पट्ट्यात ठिकाण बदलणे म्हणजे एक आख्खा दिवस: व्हॅन, धक्का, बोट, पुन्हा व्हॅन, मग खोली शोधणे. दर तीन दिवसांनी ठिकाण बदलणारी जोडपी मी पाहते, तेव्हा त्यांच्या बोलण्यात किनाऱ्यांपेक्षा बोटींच्या वेळाच जास्त असतात.

कोणती नावे काढायची ते वारा ठरवतो. आपल्याकडे एकच मोठा पाऊस असतो. मलाय द्वीपकल्पाच्या मात्र दोन बाजूंना दोन वेगळे पावसाळे आहेत. पश्चिमेची, म्हणजे अंदमान समुद्राकडची बाजू (फुकेत, क्राबी, लांता, लिपे) आपल्या ओळखीच्या नैऋत्य मोसमी वाऱ्यांत मे ते ऑक्टोबर भिजते आणि नोव्हेंबर ते एप्रिल तिथला समुद्र शांत असतो. पूर्वेकडच्या थायलंडच्या आखातात (सामुई, फांगान, ताओ) ऑक्टोबर ते डिसेंबर सर्वांत जास्त पाऊस असतो आणि जानेवारी उलटता उलटता समुद्र निवळतो. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरची पेर्हेंतियन आणि तिओमान ही बेटे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्येच्या वाऱ्याखाली असतात. तिथले बहुतेक मुक्काम तेव्हा बंद असतात आणि बोटींचा भरवसा नसतो, म्हणून ही दोन नावे आजच खोडा. चियांग माई बँकॉकच्या उत्तरेला, म्हणजे तुमच्या वाटेच्या नेमके उलट्या दिशेला सुमारे 700 किलोमीटरवर आहे आणि फेब्रुवारीपासून तिकडे शेते व रान जाळल्याचा धूर साचू लागतो. ते पुढच्या एखाद्या नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. फुकेत आणि फी फी वाईट नाहीत, पण तुमच्या खर्चाच्या बेतात तिथली शांत बाजू बसणार नाही.

ताओ की फांगान, हा एकच प्रश्न खरोखर तुमच्या आवडीचा आहे. स्कूबा डायव्हिंग शिकायचे असेल तर ताओ. तिथे प्रशिक्षण संस्थांची दाटी आहे आणि 18 मीटर खोलीपर्यंत जाण्याचा प्राथमिक परवाना तीन-चार दिवसांत मिळतो. पाण्याखाली जायचे नसेल तर फांगानच्या उत्तर किनाऱ्यावर राहा. दोन्ही करू नका. आणि दोघांपैकी एकालाच शिकायचे असेल तर दुसऱ्याने उगाच सोबत म्हणून पैसे भरू नयेत. हे चार दिवस त्याने पोहावे, वाचावे, मालिश करून घ्यावी. डायव्हिंगनंतर विमानात बसण्याआधी निदान 18 तास जाऊ द्यावे लागतात. तुमचा पुढचा टप्पा जमिनीवरचा असल्याने ही अडचण तुम्हाला येणार नाही, पण ऐनवेळी बेत बदलून विमान घ्यायचे झाले तर हे लक्षात असू द्या.

निघण्यापूर्वी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका एकदा उतरवून पाहा, कारण या प्रवासात तिथी उपयोगी पडतात. फांगानच्या हाद रिन किनाऱ्यावरची फुल मून पार्टी पौर्णिमेच्या रात्री असते. बौद्ध सणाचा दिवस आला तर ती एखाद-दुसऱ्या दिवसाने सरकते. तुम्ही फांगानला गेला नाहीत तरी त्या दिवसांच्या आगेमागे ताओकडे येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी आणि ताओवरच्या स्वस्त खोल्या भरलेल्या असतात. जानेवारी-फेब्रुवारीतल्या पौर्णिमेच्या सुमारासच तमिळ लोकांचा थायपुसम हा सण येतो. क्वालालंपूरजवळच्या बाटू लेण्यांपाशी तेव्हा लाखोंनी माणसे जमतात, कावडी निघतात. पाहण्यासारखे आहे, पण त्या आठवड्यात तिथे खोली आयत्या वेळी मिळणार नाही. चिनी नववर्ष 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारी यांदरम्यान अमावास्येला येते आणि तेव्हा जॉर्जटाउन, क्वालालंपूर, सिंगापूर या तिन्ही ठिकाणी खोल्या महाग होतात आणि दोन-तीन दिवस पुष्कळ चिनी खाणावळी बंद असतात. त्या दिवसांत तुम्ही लांतावर असाल अशी आखणी केली की प्रश्न मिटतो. रमजान या काळात आला तर मलेशियातली मलय लोकांची उपाहारगृहे दिवसा बंद असतील. संध्याकाळी जे खाद्यबाजार भरतात, ते पाहता मी तरी तो महिना टाळणार नाही.

आता वाट. बँकॉकमध्ये जानेवारीत हवा कोरडी असते पण धुरकटही असते. दमा असेल तर सहाऐवजी चार रात्रीच ठेवा. खाओ सान रस्त्यावर राहू नका. तो बॅकपॅकिंगचा जुना अड्डा आहे, पण तिथे मेट्रो नाही आणि रात्रभर गाणी असतात. चायनाटाउनमधल्या वात मांगकोन मेट्रो स्थानकाच्या आसपास लहान अतिथीगृहे आहेत, आणि तिथून वात फो या मंदिराजवळचे सनाम चाय स्थानक दोनच थांब्यांवर आहे. एक दिवस पॅसेंजर गाडीने सुमारे 80 किलोमीटरवरच्या अयुथ्थया या जुन्या राजधानीला जाऊन या. दक्षिणेकडच्या रात्रीच्या गाड्या आता जुन्या हुआ लाम्फोंग स्थानकावरून सुटत नाहीत; जानेवारी 2023 पासून लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या बांग सू भागातल्या क्रुंग थेप अपिवात या नव्या स्थानकावरून सुटतात. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात खालचा बर्थ वरच्यापेक्षा रुंद आणि थोडा महाग असतो. एक वरचा, एक खालचा घ्या. खालचा कोणाला हे निघण्याआधीच ठरवा. चुम्फोन या आखाताकाठच्या गावी गाडी पहाटे पोहोचते आणि सकाळची बोट ताओला नेते. रेल्वे स्थानकापासून धक्क्यापर्यंतची बस बोटीच्या तिकिटातच मिळते, ती वेगळी शोधत बसू नका.

ताओहून लांता हा सगळ्यांत कंटाळवाणा टप्पा आहे, कारण आखातातून निघून द्वीपकल्प ओलांडून दुसऱ्या समुद्रावर जायचे असते. बोट आणि बस यांचे जोडतिकीट काढा, क्राबी गावात रात्री थांबा, तिथल्या बाजारात जेवा आणि सकाळी व्हॅनने लांता गाठा. एका दिवसात रेटून पोहोचता येते, पण अंधारात, उपाशीपोटी, दोन सॅक घेऊन खोली शोधताना जे बोलले जाते ते पुढचे तीन दिवस पुरते. लांता मोठे, पसरट आणि थोडे सुस्त बेट आहे आणि नऊ रात्री मी मुद्दाम तिथे दिल्या आहेत. पहिला महिना संपत आलेला असतो, नवलाई ओसरलेली असते, आणि स्वस्तात बैठक मारायला त्याहून बरी जागा मला या किनाऱ्यावर ठाऊक नाही.

लांताहून लिपे हंगामात बोटीने गाठता येते. लिपे एवढेसे आहे की एका टोकापासून दुसरीकडे पायी जाता येते आणि भोवती तारुताओ सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. इथे एक नियम पाळावाच लागेल: थायलंडने 2021 पासून सागरी उद्यानांत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेटसारखी चार रसायने असलेली सनस्क्रीन वापरायला बंदी केली आहे आणि दंड 1 लाख बातपर्यंत (बात हे थायलंडचे चलन) आहे. पुण्याहून नेणार असलेली नळी उलटून घटकांची यादी वाचा. लिपेहून लंकावीची बोट फक्त कोरड्या हंगामात चालते. किनाऱ्यालगतच्या छोट्या कचेरीत शिक्का बसतो, पासपोर्ट बोटीच्या कर्मचाऱ्यांकडे दिला जातो आणि पलीकडे परत मिळतो. ही तिथली रीतच आहे, घाबरून जाऊ नका. पलीकडे घड्याळ एक तास पुढे करायचे असते. लंकावीहून फेरीने कुआला केदा, तिथून टॅक्सीने आलोर सेतार, मग लोकल गाडीने बटरवर्थ आणि समोर दिसणाऱ्या जॉर्जटाउनला पुन्हा फेरी, असा हा दिवस लांब असला तरी सोपा आहे.

समुद्राबद्दल एकच पण ठाम सूचना. ज्या दिवशी विमान किंवा रेल्वेचे आरक्षण असेल त्याच्या आदल्या दिवशीच मुख्य भूमीवर या. वारा उठला की बोटी रद्द होतात आणि त्यावर कोणाचाही इलाज नसतो. त्या तीन शिल्लक रात्री यासाठीच आहेत. बोट लागणाऱ्याने गोळी बोट सुटण्यापूर्वी अर्धा-एक तास घ्यावी आणि खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला बसावे, पुढे टोकाला नाही.

खोलीच्या बाबतीत दोघांचे गणित एकट्याच्या गणितापेक्षा वेगळे असते. सामाईक शयनगृहातल्या दोन खाटांचे भाडे पुष्कळदा पंख्याच्या स्वतंत्र खोलीइतकेच होते, म्हणून थायलंड आणि मलेशियात शयनगृहाचा विचारच करू नका. बेटांवर पंख्याची झोपडी पुरते. शहरात मात्र एसी घ्या, कारण तिथे झोप महत्त्वाची. पंख्याची खोली, बाजारातले जेवण आणि एक स्कूटर असे धरले तर थायलंडच्या बेटांवर दोघांना रोज 2000 बातच्या आसपास खर्च येईल असा माझा अंदाज आहे. बोटी आणि डायव्हिंग त्यावर वेगळे. सिंगापूरमध्ये हाच आकडा सहज दुप्पट होतो. थायलंडमधली एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी 220 बात किंवा त्याहून जास्त आकार घेतात, म्हणून थोडे थोडे पैसे काढण्याची आपली सवय तिथे महागात पडते. शहरात एकदम मोठी रक्कम काढा आणि दोघांत विभागून ठेवा. खर्चाला एक सामाईक पाकीट असावे, आणि त्याशिवाय प्रत्येकाकडे दर आठवड्याला थोडी रक्कम अशी असावी जिचा हिशेब दुसऱ्याने विचारायचा नाही. आमच्या घरात या एका नियमाने जितकी शांतता आणली तितकी कोणत्याही किनाऱ्याने आणली नाही.

कामेही वाटून घ्या. एकाने तिकिटे आणि वेळा सांभाळाव्यात, दुसऱ्याने खोल्या आणि जेवण. ज्याचे काम त्याचा निर्णय अखेरचा, आणि निर्णय चुकला तर टोमणा मारायचा नाही. उपाशीपोटी कोणताही निर्णय घ्यायचा नाही. शहरात आठवड्यातून एक पूर्ण दिवस वेगवेगळे फिरायचे. बँकॉक, जॉर्जटाउन आणि क्वालालंपूर या तिन्ही ठिकाणी स्त्रीने एकटीने दिवसा फिरण्यात मला कधी अडचण वाटली नाही.

सॅक प्रत्येकी 40 लिटरची पुरते. स्वस्त विमान कंपन्यांची हातातल्या सामानाची मर्यादा बहुधा 7 किलो असते, तेवढ्यातच बसवा. तुमचे कपड्यांचे दोन जोड जोडीदाराच्या सॅकमध्ये आणि त्याचे दोन तुमच्या सॅकमध्ये ठेवा. एक सॅक उशिरा पोहोचली तरी दोघांचेही भागते. कार्डेही तशीच विभागा. औषधांची पिशवी मात्र एकच असू द्या. तीत ओआरएस, पॅरासिटामॉल, डास पळवणारे मलम आणि नेहमीच्या गोळ्यांची डॉक्टरांची चिठ्ठी हवी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, आणि ताप आला तर तपासणी होईपर्यंत आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नये. काही किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरची बाटली अडकवलेली दिसेल. ती पेटीच्या आकाराच्या विषारी जेलीफिशसाठी असते, दंश झाल्यास त्यावर व्हिनेगर ओतायचे, वाळूने चोळायचे नाही. मलेशिया आणि सिंगापूरमध्ये तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो.

स्कूटर हा विषय टाळता येत नाही, कारण बेटांवर सार्वजनिक वाहन जवळजवळ नसते. आपल्या आरटीओकडून 1000 रुपये भरून एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळतो. त्यात दुचाकीचा वर्ग नोंदलेला आहे ना ते पाहा. तो नसताना अपघात झाला तर प्रवास विमा पैसे देत नाही. स्कूटर घेताना ओरखड्यांचे फोटो काढा, तारण म्हणून पासपोर्ट ठेवू नका आणि मागे बसणाऱ्यानेही शिरस्त्राण घालावे.

शाकाहाराचे काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण पुण्याचे म्हटल्यावर सांगते. थायलंडमध्ये भाजीच्या पदार्थातही माशाचे खारे पाणी आणि कोळंबीची चटणी असते. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ‘जे’ असे थाई चिन्ह दिसेल तिथे चिनी बौद्ध पद्धतीचे जेवण मिळते. त्यात मांस-मासे तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे सोबत चातुर्मास पाळणारे कोणी असले तरी निभावते. जॉर्जटाउन आणि क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्स भागात केळीच्या पानावरचा भात मिळतो आणि महिनाभरानंतर तो फार बरा वाटतो.

कागदपत्रांचे थोडक्यात. तिन्ही देशांचा डिजिटल आगमन अर्ज पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत भरायचा असतो आणि तो विनामूल्य आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ बनावट समजा. थायलंड आणि मलेशियातली व्हिसामुक्त मुदत सरकारे अधूनमधून बदलतात, म्हणून विमानाचे तिकीट काढण्याच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर ती पाहा. लग्नानंतर नाव बदलले असेल तर तिकिटावर पासपोर्टवरचेच नाव हवे, आधारवरचे नाही. सिंगापूरसाठी भारतीयांना व्हिसा लागतो आणि तो अधिकृत प्रतिनिधीमार्फत निघण्यापूर्वीच काढून ठेवावा. तिथे तंबाखू चघळण्याचे प्रकार आणि ई-सिगारेट यांवर बंदी आहे, आणि खसखसही निषिद्ध आहे; आईने डब्यात अनारसे दिले असतील तर ते बँकॉकमध्येच संपवा.

परतीचे तिकीट सिंगापूरहून की क्वालालंपूरहून, एवढेच राहिले. बँकॉकला उतरणे आणि दुसऱ्या शहरातून परतणे हे आरक्षण एकदमच करा, म्हणजे थायलंडच्या विमानतळावर पुढचे तिकीट मागितले तर दाखवता येते. लांताच्या शेवटच्या रात्री सामाईक पाकिटाचा हिशेब मांडा. तोपर्यंत अंदाजापेक्षा एक दशांशाहून अधिक खर्च झालेला असेल तर सिंगापूर गाळा आणि त्या तीन रात्री जॉर्जटाउनला द्या. त्यासाठी परतीचे विमान क्वालालंपूरहूनच काढून ठेवणे शहाणपणाचे आहे, कारण तिथून सिंगापूर बसने पाच-सहा तासांवर आहे, जाऊन येता येते, आणि तिकीट सिंगापूरचे काढले तर मात्र तिथे जावेच लागते.